मिटल्या डोळ्यांतला ठिपका

शनिवार, ८ नोव्हेंबर १९८६

शिंगं मोडून वासरांत शिरले एकदाची. विद्यापीठाच्या छायाचित्रणाच्या वर्गाला आज पहिल्यांदा जाऊन आले. वर्ग अंधेरीला, एका कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर भरतो, बुधवारी आणि शनिवारी दुपारी. मुलुंडहून पवईवरून जाणारी बस धरली, खिडकी मिळाली, तळं बघत बघत गेले. दिवाळीच्या उरलेल्या चकल्या पिशवीत होत्या, त्या वाटेतच संपवल्या. शाळेच्या पहिल्या दिवशी डबा हवाच.

जिना चढून दारात उभी राहिले, तर एक मुलगा पुढे येऊन म्हणाला, आजी, फॅमिली फोटो खाली स्टेशनाजवळ काढतात, इथे शिकवतात. मी म्हटलं, शिकायलाच आलेय रे बाबा, सरक. सगळी खो खो हसली. तोही हसला आणि आपली खुर्ची मला देऊन स्वतः खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसला. नाव नंदू, बोरिवलीचा. तोंडाचा फटकळ, पण मनाचा बरा दिसतो. सरांचं नाव चंद्रप्रकाश. दाढी आहे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, मराठीत मधूनमधून हिंदी घुसडतात. माझ्या वयाचा त्यांनी काही बाऊ केला नाही. दत्तारामने, म्हणजे माझ्या मुलाने, नाशिकहून धाडलेला रशियन कॅमेरा हातात घेऊन तोलून बघितला आणि म्हणाले, झकास आहे, चोर आला तर डोक्यात घालता येईल.

शेजारी बसली ती शकु. दिंडोशीच्या वसाहतीत राहते, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सावळी, तरतरीत, बोलताना दोन्ही हात नाचवते. मी स्थिरस्थावर होईपर्यंत ती मला 'मावशी' म्हणून मोकळीसुद्धा झाली. माझ्या पिशवीत डोकावून म्हणाली, चकल्या एकटीने खाल्ल्यात ना, वास येतोय. पुढच्या खेपेला तिच्यासाठी न्यायला हव्यात.

आयुष्यभर मी दुसऱ्यांनी काढलेले फोटो दुरुस्त केले. घाटकोपरच्या एका स्टुडिओचं रिटचिंगचं काम घरी आणायचे आणि हे गिरणीतून येईपर्यंत ब्रश घेऊन बसायचे. कुणाचा मुरूम बुजव, कुणाच्या भुवया सारख्या कर. कुणी शिकवलं नाही, बघून बघून आलं. पण स्वतः म्हणून एक फोटो काढला नाही. जन्मभर लोकांच्या लग्नात वाढलं, आज पहिल्यांदा पंगतीला बसले. हे असते तर म्हणाले असते, आता पुरे, उठा, हात धुवा.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सरांनी आज सांगितलं की या वर्गात झाडं, सूर्यास्त, देवळं काही काढायचं नाही. समोर बसलेला माणूस काढायचा. एकमेकांचे चेहरे, हाच सगळ्यांचा अभ्यास. नंदू म्हणाला, सर, ही थोबाडं बघून फिल्म जळेल. सर म्हणाले, पहले आरसा देख. मग जोड्या पाडल्या. मी आणि शकु.

शकूने विचारलं, मावशी, तुमच्या कामात सगळ्यात कठीण काय. मी सांगितलं, डोळे उघडणं. तिला कळेना. तिला समजावलं, की पूर्वी माणसाचा जिवंतपणी फोटो असायचाच असं नाही. माणूस गेलं की घरच्यांना आठवण व्हायची, मग फोटोग्राफरला बोलावणं. त्या फोटोत डोळे मिटलेले. तसा भिंतीवर कसा लावणार? म्हणून स्टुडिओत ब्रशने डोळे उघडे करायचे. पापणी पुसायची, पांढरं भरायचं, बुबुळ काढायचं. असे किती उघडले असतील मी. फक्त बुबुळातला उजेडाचा पांढरा ठिपका तेवढा मी कधी दिला नाही. तो स्टुडिओतले जुने रिटचर भाऊराव स्वतः द्यायचे, तेसुद्धा त्या माणसाचं तेरावं झाल्यावर. तोवर फोटो पालथा ठेवलेला. मला वाटायचं, म्हाताऱ्याची उस्तादी आहे झालं. रांधायचं आम्ही आणि वरून कोथिंबीर भुरभुरायला हे.

शकूने विचारलं, ठिपका नसला तर काय होतं. मी म्हटलं, डोळा उघडा असतो गं, पण बघत नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

शनिवारी शकूला खिडकीजवळ स्टुलावर बसवून फोटो काढले होते, ते आज डार्करूममध्ये धुतले. लाल दिव्याखाली कोऱ्या कागदावर माणूस उगवताना मी साठीत पहिल्यांदा बघितलं. तव्यावर घावनाला जाळी पडावी तसा चेहरा हळूहळू उमटतो. मी तर तिथेच तोंडाला पदर लावून उभी राहिले.

पण शकूची गंमत झाली. एकूण एक फोटोत तिचे डोळे मिटलेले. नंदू म्हणाला, तू फोटो काढायला आली होतीस की डुलकी काढायला. सगळे तिला झोपाळू राणी म्हणायला लागले. तीही हसली. सर म्हणाले, त्यात काय, शनिवारी परत काढा.

जिना उतरताना मात्र माझा दंड धरून थांबली. मग म्हणाली, शाळेच्या ग्रुप फोटोत डोळे मिटलेले, ताईच्या लग्नात मिटलेले. तिच्या आईकडे, सुनंदाबाईंकडे, हिचा धड असा एकही फोटो नाही. आईला फ्रेम करून द्यायचा म्हणून तर वर्गाला आले, म्हणाली.

त्यातला एक फोटो फार गोड आलाय. हनुवटी जराशी वर, ओठाच्या कोपऱ्यात हसू, कानामागून निसटलेली एक बट. असं परत सांगून येत नाही. तो प्रिंट आणि त्याची निगेटिव्ह सरांना विचारून घरी आणली आहे.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

दुपारी जेवण आवरून टेबल खिडकीशी ओढलं. जुना बारीक ब्रश सापडला, एका केसाचं टोक असलेला. ओठांत धरून टोक काढलं, हाताला सवय होतीच. पापण्या पुसल्या, पांढरं भरलं, बुबुळं काढली. नेमकी मध्यावर, समोर बघणारी, कारण कॅमेऱ्याकडेच तोंड होतं तिचं. छान झालं. तरी पोर बघेना. मातीच्या बाहुलीसारखी.

मग म्हटलं, आता कुठले भाऊराव आणि कुठलं तेरावं. ही तर जितीजागती पोर, उद्या माझ्या डब्यातल्या चकल्या खाणार. पांढऱ्याचा एक एक ठिपका टेकवला. डावा, उजवा.

आणि काय सांगू, जागी झाली. अगदी हाक मारल्यासारखी. मला एवढा आनंद झाला की शेजारच्या विमलाला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, अगो बाय, ही आता बोलतली.

शनिवार, २२ नोव्हेंबर

वर्गात सगळ्यांनी माना वेळावून वेळावून फोटो बघितला. सर म्हणाले, ये तो चीटिंग है, पण असली चीटिंग रोज करा. शकूने माझ्या गळ्यात हात टाकले. आई रडणार आज, म्हणाली.

नंदू तेवढा फोटोपुढून हलेना. मी काढताना जिथे उभी होते तिथे जाऊन उभा राहिला, मग थोडा डावीकडे, मग खाली वाकून. म्हणाला, मावशी, ही कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. तुमच्या खांद्यावरून मागे बघतेय.

मी बुबुळं मध्यावरच काढली होती. घरी येईपर्यंत तेच डोक्यात. हात थरथरला असेल. वय झालं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

शकूला झोप लागत नाही. फोटो घरी लावल्यापासून लागलीच नाही म्हणते. मी म्हटलं, परीक्षेची काळजी असेल, पायाच्या तळव्यांना तूप चोळ, काशाच्या वाटीने घास. तर म्हणाली, झोप येते मावशी, पण डोळे मिटले तरी काळोख होत नाही.

म्हणजे काय, ते मला कळलं नाही. काय दिसतं मग, विचारलं. ती म्हणाली, तुमची पाठ.

चेष्टाच वाटली मला. पण ती हसत नव्हती. आज वर्गात माझ्या शेजारी बसलीच नाही, समोर येऊन बसली, माझ्याकडे तोंड करून. सरांच्या फळ्याकडे पाठ. सर ओरडले तरी ढिम्म. वर्ग सुटल्यावर हळूच म्हणाली, मावशी, घरी बसाल तेव्हा भिंतीला पाठ लावून बसत जा.

शनिवार, २९ नोव्हेंबर

सर्वांना घेऊन सर मढला गेले होते. वेसाव्याहून होडीने. ऊन लख्ख, काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले, एका बंगल्यात कसलंसं शूटिंग चाललं होतं. एरवी मी पोरीसारखी नाचले असते.

शकु सगळ्या वाटेने माझ्यापुढे उलटी चालली. तोंड माझ्याकडे, पाऊल मागे. दोनदा ठेचकाळली. नंदू म्हणाला, काय गं, मावशींची आरती करतेस काय. मग म्हणाला, हिला नजर ठेवायचा पगार मिळतो वाटतं. सगळे हसले. मी हसले नाही, कारण मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या उजव्या खांद्यावरून मागे, माझ्यापेक्षा जरा उंच अशा जागी. आणि मी वळले की तिची नजर माझ्याबरोबर वळे. माझ्या मागचं काही जागेवर नव्हतं, माझ्या मागेच होतं.

मी चार वेळा मागे वळून बघितलं. वाळू. काठ्या. एक कुत्रं होतं, ते माझ्याकडे बघून उठलं आणि दूर जाऊन बसलं.

पोरीचे गाल बसलेत. डोळ्यांखाली काजळ सांडल्यासारखं. होडीत तिचा हात धरला, ताप नव्हता, पण नजर माझ्या खांद्यावरून हलली नाही.

बुधवार, ३ डिसेंबर

ठरवलं होतं, चूक माझी तर निस्तरायचीही मीच. निगेटिव्ह माझ्याकडेच होती. तिच्यात काही ब्रश लागलेला नाही. डोळे मिटलेले ते मिटलेलेच. तिचा नवा प्रिंट करायचा, सुनंदाबाईंना सांगून भिंतीवरचा काढायचा आणि हा लावायचा. एवढी सोपी गोष्ट.

डार्करूममध्ये नंदू बरोबर होता. कागद डेव्हलपरमध्ये सोडला. नेहमी आधी केस उमटतात, काळं असतं ते. आज आधी डोळे उमटले. बाकी कागद पांढराफट्ट आणि त्यात दोन डोळे, उघडे. मग त्यांच्याभोवती हळूहळू शकु आली.

नंदूने निगेटिव्ह दिव्यासमोर धरून बघितली. नंतर मी बघितली. निगेटिव्हमध्येही उघडेच.

प्रिंट वाळल्यावर सरांचं भिंग घेतलं. डोळ्यातल्या ठिपक्यात समोरची खोली दिसते, हे सरांनीच शिकवलेलं. चमच्याच्या पाठीवर दिसते तशी. बघितलं. खिडकी दिसली. खिडकीसमोर कॅमेरा धरून एक बुटकी बाई, म्हणजे मी. माझ्या मागे आणखी एक जण. उंच. डोकं बाजूला कललेलं, कुणाच्या खांद्यावरून वाचताना आपण कलवतो तसं.

त्या दिवशी मी आणि शकु दोघीच होतो त्या बाजूला. नंदूला भिंग दिलं. त्याने बघून परत दिलं आणि काही थट्टा केली नाही.

शुक्रवार, ५ डिसेंबर

भाऊराव आता घाटकोपरला मुलीकडे असतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मला आवाजावरून ओळखलं, खूश झाले, चहा सांगितला. मग मी सगळं सांगितलं आणि चहा तसाच राहिला.

म्हणाले, जित्या माणसाक ठिपको दिलंस? रत्नप्रभे, तुका सांगितला कोणी? जित्याचे डोळे मिटले तर दुसरो फोटो काढतत. उघडूचे ते फक्त गेलेल्याचे.

मी म्हटलं, तेराव्याचं कारण तुम्ही कधी सांगितलंच नव्हतं. ते म्हणाले, सांगितलं असतं तर तू काम केलं असतंस? मग सांगितलं. न्यायला जो येतो तो माणसाच्या पाठीशी उभा राहतो. समोरून कधी येत नाही. मिटल्या डोळ्यांना ठिपका दिला की त्या डोळ्यांना तो दिसायला लागतो, आणि कुणी बघत असलं की त्याला हलता येत नाही. त्याचं काम अडतं. घरात तसाच राहतो. म्हणून आधी सगळं पार पडू द्यायचं, तेराव्यानंतर ठिपका.

मी विचारलं, पण तो शकूच्या मागे कसा नाही. भाऊरावांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, तो तिच्यासाठी आलेलाच नाही गो.

ठिपका बुजवला तर? बुजवलास तर पोरगी झोपेल, म्हणाले. प्रिंटवरचा काळ्या रंगाने, निगेटिव्हमधला सुईने खरवडून. आणि मग मला म्हणाले, दत्तारामला बोलावून घे.

शनिवार, ६ डिसेंबर

आज शकु स्वतःच घरी आली. त्यांच्या वसाहतीतले सगळे चैत्यभूमीला गेलेत, आई पण. हीसुद्धा दरवर्षी जाते, पाणी वाटायला. आज आईला सांगून इकडे आली. जिना चढताना कठड्याला धरून दोनदा बसली, विमलाने बघितलं.

वरणभात कालवून दिला. दोन घास घेतले. मला भिंतीशी बसवलं आणि स्वतः समोर. मी म्हटलं, शकु, मला भाऊरावांनी सगळं सांगितलंय. ती म्हणाली, बरं झालं, आता उलटं चालताना थापा माराव्या लागणार नाहीत.

मग बोलली. दिंडोशीला असते तेव्हाही मिटल्या डोळ्यांपुढे माझीच पाठ असते. पण लांबून धूसर दिसतं, आणि धूसर झालं की तो सरकतो, म्हणून जवळ यावं लागतं. बसमध्ये एकदा डुलकी आली, आणि जागी झाली तेव्हा त्याचा हात वर आलेला होता. तेव्हापासून डुलकीही नाही. मी विचारलं, दिसतो कसा. ती म्हणाली, ते नको विचारू मावशी. पहिल्यांदाच मला अगंतुगं केलं.

मी म्हटलं, मी ठिपका बुजवते. तर एकदम हात धरला. नको म्हणाली. मी मरत नाही जागून. माझी आई सांगते, आमची आजी दुष्काळात खडी फोडायची रात्रंदिवस.

जाताना जिन्यावरून उलटी उतरली. भिंतीला हात लावत, वर माझ्याकडे बघत.

रविवार, ७ डिसेंबर

सकाळीच दिंडोशी गाठली. सुनंदाबाई दारातच भेटल्या, काल रात्री शकूला दोनदा भोवळ आली. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, त्याही लागू पडत नाहीत. डॉक्टर म्हणतात असंच चाललं तर हृदय साथ देणार नाही. बाई माझे हात धरून म्हणाल्या, तुमच्यावर लई जीव आहे तिचा, तुम्हीच समजावा.

शकु खाटेवर बसून होती. डोळे मिटलेले. पण मान माझ्या चालीबरोबर वळत होती.

मी काय ठरवणार होते? माझं पिकलं पान. नातवंडं बघितली, वर्गात बसले, घावनासारखे फोटो उमटताना बघितले. तिने अजून स्वतःचा एक धड फोटो बघितलेला नाही.

भिंतीवरची फ्रेम काढली. पिशवीतून काळा रंग, ब्रश, सुई, बुधवारचा प्रिंट, निगेटिव्ह. शकूला कळलं, उठून धावली. म्हणाली, मावशी, तू मूर्ख आहेस काय. आईने तिला धरलं. ती रडत होती आणि आई पण, का ते न कळता.

डावा. उजवा. दुसऱ्या प्रिंटवरचेही. मग निगेटिव्हमधले, सुईच्या टोकाने खरवडून.

शकु आईच्या हातांतच झोपली. उभ्या उभ्या. घोरायलासुद्धा लागली. सुनंदाबाई हसायला लागल्या, मग रडल्या, मग मला चहा दिला.

फार बरं वाटलं. खरंच सांगते, फार बरं वाटलं. बसमध्ये बसेपर्यंत.

सोमवार, ८ डिसेंबर

पाठीचं एवढं भान मला जन्मात नव्हतं. भांडी घासायची तर खोली पाठीमागे. केस धुवायला वाकले नाही. देवापुढे बसले तर समईची ज्योत माझ्याकडे झुकते. वारा नाही. माझ्या मागून कुणी श्वास आत ओढावा, तशी माझ्याकडे.

विमलाकडे जाऊन बसले. तिने विचारलं, सारखी मागे काय बघतेस, काय हरवलं काय. पाठ राखणं म्हणजे काय ते आज कळलं. आणि ती पोर ते करत होती. एवढे दिवस. एकटीने.

दत्तारामला फोन लावला खालच्या दुकानातून. बुधवारी संध्याकाळी येतो म्हणाला. बरी आहेस ना, विचारलं. हो म्हटलं.

फोन करताना मानेवरचा केस कुणीतरी बाजूला केला. हळू. आपण लहान मुलीचा करतो तसा.

मंगळवार, ९ डिसेंबर

भिंतीशी बसून आहे. पाठ टेकली की थांबतं. भिंत गार आहे. गार बरी वाटते.

उठले नाही. पाण्याचा तांब्या जवळ ठेवलाय—

मन म्हणतं, पिकलं पान, मग घाबरतेस कशाला. घाबरते. ठरवणं वेगळं आणि वाट बघणं वेगळं. दिवसभर हातांची चाळवाचाळव. पदराचं टोक सोडते, गुंडाळते—

शकु झोपली असेल. एवढं एकच—

बुधवार, १० डिसेंबर

वर्ग सुटल्यावर नंदू येऊन गेला. वर्गाला का आला नाहीत म्हणून. उठले नाही, दार उघडंच होतं, आत बोलावलं. शकु काल पूर्ण दिवस झोपली म्हणाला, आज उठली, चार भाकऱ्या खाल्ल्या, वर्गाला पण आली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग म्हणाला, तिने वर्गाच्या कपाटातून तिचे ते जुने प्रिंट मागून घेतले. मिटल्या डोळ्यांचे, उरलेले. आणि याच्याकडून पांढरा रंग आणि ब्रश. कसं करायचं ते मावशींनीच मला सांगितलंय, मला येतं, म्हणाली. घरी जाऊन करते म्हणून गेलीसुद्धा.

मी ओरडले त्याच्यावर, धाव, अडव तिला. तो बावरला. ठिपका तर द्यायचाय मावशी, म्हणाला, तुम्ही झोपा जरा. आणि बोरिवलीला काम आहे म्हणून गेला.

त्यांच्याकडे फोन नाही. तिने एक ठिपका दिला की संपलं, पोर परत जागी. या वेळी मरेल ती. आधीच किती—

दत्ताराम संध्याकाळी येणार. तोवर उशीर.

जायला हवं. वसाहतीत जाऊन हातातून ब्रश काढून घ्यायचा. चपला समोर दिसतात. पिशवी खांद्याला अडकवली आहे. दार उघडं आहे. फक्त भिंत सोडायची. जिना, रस्ता, बस, एवढा वेळ पाठ उघडी. असो. पोर तशी चालली होतीच की माझ्यासाठी, उलटी—

विमलासाठी ही वही टेबलावर ठेवते. दत्तारामला दे म्हणावं.

उठते आता. पाय जड झालेत, भिंतीला रेटा देऊन उठावं लागेल. डावा हात मागे टेकवला. काल गार होती भिंत. आज पाठीला ऊब लागतेय, हाताखाली पण. या भिंतीवर ऊन येत नाही, हिच्या मागे विमलाची मोरी आहे, ही कायम ओलसर— आणि आत काहीतरी सावकाश वरखाली—